अष्टमीची ओटी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, परीक्षित आणि इशिता माझ्याकडे तंबू मागायला आले. इथे अ‍ॅरिझोनात, चँडलरमध्ये, ऑक्टोबर लागला की ऊन जरा मागे हटतं आणि आमच्या मंडळातली तरुण मुलं वाळवंटात कॅम्पिंगला निघतात. या दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहाटे निघायचं आणि किंगमनच्या पलीकडे कुठेतरी दोन रात्री काढायच्या, असा बेत होता.

"काका, मंडळातला वेद म्हणाला तुमच्याकडे चार जणांचा मस्त टेंट आहे," परीक्षित म्हणाला.

"होता. आता त्याची नुसती पिशवी आहे."

"फाटला?"

"नाही. तिकडेच राहिला. तुम्ही निघालात ना, त्याच बाजूला."

"मग आम्ही घेऊन येतो की," तो हसला. "लोकेशन सांगा."

मी चहा टाकला. मागच्या अंगणात बसलो तेव्हा अंधार पडला होता. सरलाला जाऊन आता दीड वर्ष झालं. ती असताना ही गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नसे. पण दोघं चालली होती त्याच रस्त्याने, म्हणून सांगितली. सांगितली तशीच इथे लिहितो.

गोष्ट दोन हजार तीनची. माझ्या हाताखाली शंतनू नावाचा इंजिनिअर होता. नागपूरचा, बडबड्या, दर वाक्याला यार. त्याची बायको नेत्रा, पुण्याची, कमी बोलणारी. त्यांना मूल हवं होतं. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं. दुसऱ्या खेपेनंतर नेत्रा बरेच दिवस आमच्याकडेच होती. सरला तिच्याशेजारी बसून भाजी निवडायची. दोघी तासन्‌तास काही बोलायच्या नाहीत.

तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पाचवा लागला, पोटात पहिल्यांदा हललं, तेव्हा नेत्राने सरलाला फोन केला. शब्द एक नाही, नुसती हसत होती म्हणे.

तिच्या आईला व्हिसा नाकारला होता. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सरलाने आमच्या घरी तिची चोरओटी भरली. पाचव्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. तांदूळ आंबेमोहर, सरलाने तो पुण्याहून बॅगेत घालून आणलेला. इथल्या दुकानात तेव्हा बासमती आणि सोना मसुरीपलीकडे काही मिळत नसे. नेत्राने ओढणीत ओटी घेतली आणि उठायला लागली.

"अगं थांब," सरला म्हणाली. "चार दाणे परत टाक ताटात. सगळंच घेऊन गेलीस तर देणारीकडे काय राहील?"

नेत्राने दाणे परत टाकले.

"आणि हा भात घरी करून तुम्ही दोघांनीच खायचा. आपली ओटी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही."

"काकू, किती ते रूल्स! मॅन्युअल द्या यार," शंतनू म्हणाला.

"तुला नाही सांगत मी. तू नुसता गिळ."

सगळे हसले. जाताना त्याने माझा तंबू मागून घेतला. बाळ आलं की दोन वर्षं कुठे हलता येणार नाही, त्याआधी एक रोड ट्रिप करून घेऊ, असं त्याच्या मनात होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. ओटीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, तिच्यावर तंबू टाकला. घरी पोचल्यावर पिशवी काढायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तीन ऑक्टोबर, नवरात्रातली अष्टमी. दुपारी निघाले. विकेनबर्गमार्गे किंगमन. तिथे गाडीत पेट्रोल भरलं, पाण्याचे कॅन घेतले आणि पुढे एका कच्च्या रस्त्याला लागले. इंटरनेटवरून छापून घेतलेला नकाशा नेत्राच्या मांडीवर होता. फोनची रेंज कधीच गेली होती. दोन्हीकडे पिवळी पडलेली झुडपं आणि दगड. कधीकाळी तिथे चांदीच्या खाणी होत्या. आता एक पडकं धुराडं, दोन-चार भिंती, बाकी काही नाही.

सूर्य टेकत आला होता. नेत्रा म्हणाली, "थांबव."

रस्त्याच्या कडेला बाभळीसारखं एकच झाड होतं. त्याच्याखाली गुडघाभर उंचीचा दगडांचा ढीग. ढिगावर काहीतरी गोलसर, लालभडक.

तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडे खेड्यात देवीची मूर्ती नसते कधीकधी. नुसता गोल दगड, शेंदराने माखलेला. त्याला तांदळा म्हणतात. नेत्राच्या आजोळची देवी तशीच होती. झाडाखाली, दगडांच्या चौथऱ्यावर.

"आज अष्टमी आहे," ती म्हणाली. "आईने सकाळी फोनवर विचारलं, देवीची ओटी भरलीस का. मी म्हटलं, भरते."

"नेत्रा, अ‍ॅरिझोना आहे हे. देवीला व्हिसा कोणी दिला?"

"माझ्या आईला नाही दिला. देवीला तरी मिळू दे."

तो गाडीत बसून राहिला.

ओटीचं दुसरं सामान तिच्याकडे नव्हतं. मागच्या सीटवरची पिशवी होती. सरलाचे शब्द तिला आठवले. पण देवी म्हणजे काही दुसरं कोणी नव्हे, असं तिने मनाशी धरलं. खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. पर्समधल्या डबीतलं कुंकू त्या लाल गोलाला लावलं. बोट लागलं तेव्हा तो टण्‌ असा वाजला. पोकळ. दगड असा वाजत नाही, हे तिला जाणवलं. पण उजेड जात होता आणि शंतनू हाका मारत होता. तिने हात जोडले. "एवढं हे राहू दे," म्हणाली. आणि गाडीत येऊन बसली.

"मग चार दाणे?" इशिताने विचारलं. "परत नाही घेतले?"

"देवळात पुजारी देतो. तिथे कोण देणार?"

परीक्षितने चहाचा कप खाली ठेवला. "आणि काका, ते लाल काय होतं?"

"सांगतो."

तिथून मैलभर पुढे सपाट जागा होती. तिथे तंबू लावला. छोट्या शेगडीवर मुगाची खिचडी केली, सोबत भाजलेले पापड. अर्धा चंद्र होता. त्या उजेडात लांबपर्यंत दिसत होतं, आणि लांबपर्यंत काहीच नव्हतं. जेवण झाल्यावर नेत्राने शंतनूचा हात पोटावर ठेवला. तोवर त्याला ते हलणं कधी कळलं नव्हतं. त्या रात्री कळलं.

"किक मारली! यार, किक मारली याने!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की टेकडीवरून त्याचाच आवाज परत आला. मग म्हणाला, "फुटबॉलर होणार."

"मुलगी असेल तर?"

"मग पण फुटबॉलर."

दहाच्या सुमाराला दोघं झोपली. बाकीचं त्या दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे. एकदा ऑफिसात त्याने, एकदा आमच्या स्वयंपाकघरात तिने. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

साडेबाराच्या पुढे चंद्र मावळला. नेत्राला जाग आली ती आवाजाने. वारा नव्हता. लांबून, जिकडून ते आले होते त्या बाजूने, बारीक आवाज येत होता.

टण्‌.

थोड्या वेळाने पुन्हा. टण्‌.

पत्र्यावर तांदळाचा दाणा टाकल्यासारखा. एक. मग थांबून दुसरा. कोणीतरी सावकाश, एकेक दाणा वेचून टाकत असावं तसा. मैलभरावरून एका दाण्याचा आवाज कसा येईल? नेत्राने हेच स्वतःला विचारलं, आणि तेवढ्यात आवाज थांबला.

तिने शंतनूला हलवलं. तो जागाच होता.

"ऐकलंस?"

"एखादा कोयोटी कोल्हा असेल," तो म्हणाला. पण आवाज अगदी हळू ठेवून.

मग पावलं. खडीवर. सावकाश, जड. पोटुशी बाई चालते तशी, टाच टेकवत. नेत्राला ती चाल माहीत होती. गेला आठवडाभर ती स्वतः तशी चालायला लागली होती.

पावलं तंबूपाशी आली. तंबूला वळसा घातला. शंतनूच्या बाजूने… डोक्याकडून… नेत्राच्या बाजूला आली. थांबली.

शंतनूने टॉर्च हातात घेतला होता. बटण दाबवलं नाही, असं तो म्हणाला.

तंबूचं कापड आत आलं. हळूहळू. आधी एक फुगवटा. मग त्याला बोटं. पसरलेला पंजा, कापडातून. तो पंजा चाचपत खाली सरकला. नेत्राच्या खांद्यावरून… छातीवरून… आणि पोटावर येऊन थांबला.

दाबला नाही. नुसता ठेवला. जेवल्यावर शंतनूने ठेवला होता, तसाच.

तिला ओरडता येईना. पोटात बाळ ढुशा देत होतं. एकदा, दोनदा, जोरात. आणि मग… थांबलं.

पंजा मागे गेला. कापड सरळ झालं.

"शंतनू," नेत्रा म्हणाली. "हलत नाहीये."

"काय?"

"बाळ. हलत नाहीये."

मी एवढं सांगितलं आणि इशिता खुर्ची ओढून परीक्षितच्या जवळ सरकली. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायचा थांबला. मला थांबावंसं वाटलं, पण आता थांबता येण्यासारखं नव्हतं.

तंबू, शेगडी, पांघरुणं, सगळं तसंच टाकून दोघं गाडीकडे धावली. बाहेर कोणी नव्हतं. शंतनूने गाडी वळवली. परतायचा रस्ता एकच होता. आणि तो त्या झाडावरून जात होता.

"वेगाने घे," नेत्रा म्हणाली. दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. "बघू नकोस तिकडे. नुसता चालव."

वळण आलं. हेडलाइट झाडावर पडले. ढीग दिसला. त्यावरचं लाल दिसलं. खण नव्हता. नारळ नव्हता. एक दाणा नव्हता.

आणि रस्त्याच्या मधोमध बाई उभी होती.

जुन्या पद्धतीचा पायघोळ झगा, त्यावर एप्रन. चेहरा खाली. त्या एप्रनचा घोळ तिने दोन्ही हातांनी पुढे धरला होता. त्यात काहीतरी होतं, त्याच्या वजनाने कापड खाली ओढलं होतं. आपल्याकडे बाई ओटी घ्यायला पदर धरून उभी राहते ना… तशी.

शंतनूने ब्रेक मारला. दोन्हीकडे दगड होते. बाजूने काढायला जागा नव्हती.

ती चालायला लागली. समोरून बाजूला. हेडलाइटच्या उजेडातून बाहेर. नेत्राच्या बाजूला.

मग काहीच दिसेना. काचेबाहेर नुसता अंधार. दारावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. मऊ. शंतनूने पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला… आणि नेत्राने त्याचं मनगट धरलं.

"थांब."

"वेडी आहेस का?"

"असंच गेलो तर बाळ परत येणार नाही. मला कळतंय. थांब."

तिने काच खाली केली. चार बोटं मावतील एवढीच. बाहेरून थंड हवा आली, गंजलेल्या लोखंडाच्या वासाची. नेत्राने हात बाहेर काढला. तळवा वर करून, त्या अंधारात धरला.

"बाई," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली. "ओटी तुमची. सगळी घ्या. पण चार दाणे परत द्या मला. तशी रीत आहे. सगळं नेलंत तर माझ्याकडे काय राहील?"

तिने हात आणखी थोडा पुढे केला.

"दोनदा गेलंय माझं…"

शंतनूला बाहेर कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. नेत्राचा नव्हे. नेत्राने श्वास रोखला होता.

हात तसाच बाहेर. किती वेळ, त्यांना सांगता आलं नाही. मग तिच्या तळव्यावर काहीतरी टेकलं. बोटांची टोकं. गार. क्षणभर.

आणि गेली.

नेत्राने हात आत घेतला. शंतनूने आतला दिवा लावला. तळवा रिकामा होता.

नेत्राने काच वर केली आणि म्हणाली, "चल."

किंगमनला पोचेपर्यंत पोटात काही हललं नाही. हॉस्पिटलात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. मशीन लावलं. खोलीत फक्त खरखर. शंतनू मला म्हणाला, काका, त्या खरखरीत मी जेवढा देव देव केला तेवढा आयुष्यात केला नसेल. मग त्या खरखरीतून ठोके आले. भरभर, घोड्याच्या टापांसारखे. नेत्रा भिंतीकडे तोंड करून रडली.

तिथे एक म्हातारी नर्स होती, त्याच भागात वाढलेली. तुम्ही रात्री कुठे होता म्हणून तिने विचारलं. शंतनूने झाड सांगितलं, दगडांचा ढीग सांगितला, वरचा लाल दगड सांगितला.

"तो दगड नाही," नर्स म्हणाली. "टब आहे. पत्र्याचा. गंजून लाल झालाय."

तिथे पुरलेली बाई खाणीतल्या एका मजुराची बायको, नर्सने सांगितलं. दिवस भरत आले होते. मूल बाहेर आलंच नाही, आणि तीही गेली. दोघांना तसंच एकत्र पुरलं. बाळाला अंघोळ घालायला नवऱ्याने एक छोटा टब आणून ठेवला होता. थडग्यावर लावायला दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे. तोच उपडा घातला.

नेत्राने देवी समजून तिची ओटी भरली होती. पोटात मूल घेऊन गेलेल्या बाईची. आणि तीही स्वतःच्या गर्भासाठी भरलेली ओटी देऊन.

"बाप रे," परीक्षित हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "पण काका, बाळ?"

फेब्रुवारीत झालं. मुलगी. उर्वी नाव ठेवलं. आता साडेचार वर्षांची आहे, दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला असतात ते. धडधाकट आहे. फुटबॉल खेळते.

"हुश्श," परीक्षित म्हणाला. "मग शेवट गोड झाला की."

इशिता हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "काका, अजून काहीतरी आहे."

मी उठून आत गेलो. देवघरातला सरलाचा कुंकवाचा करंडा घेऊन आलो. बाळंतपणाच्या वेळी नेत्राची आई इथे नव्हती, म्हणून सरला खोलीत तिच्याजवळ होती. मूल बाहेर आलं, रडलं. नर्सने पुसायला घेतलं तर उजवी मूठ घट्ट मिटलेली. मुलं मुठी मिटूनच येतात, त्यात काही नवल नाही. पण ही उघडेना. नर्सने एकेक बोट सोडवलं.

मी करंडा उघडला आणि अंगणातल्या दिव्याखाली धरला. परीक्षितने वाकून पाहिलं. इशिताने आधी पाहिलं नाही, मग पाहिलं.

आत तांदळाचे चार दाणे होते. आखूड, जाडसर, आंबेमोहराचे. कुंकवाने टोकाला लाल झालेले.

"अहो, हा आपल्या डब्यातला आहे," सरला त्या रात्री घरी आल्यावर म्हणाली होती. "माझ्या हातचा. मी ओळखते." मग दिवा मालवल्यावर अंधारात एकदाच म्हणाली, पुन्हा कधीच नाही.

"पोर नखशिखान्त ओली होती हो. मूठ ओली होती. मी स्वतः उचलले…

"दाणे कोरडे होते."